हाडावरचे चरे

आत-बाशी, १४ मे

व्हेनेरा अस्कारोव्ना यांस,

सलाम. सलाम लिहिल्याशिवाय पत्र सुरू करायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून लिहिला. खरं तर तुम्हाला 'कुदागाय' म्हणायला हवं. लेकाच्या होणाऱ्या सासूला आपल्यात दुसरं काय म्हणतात? एप्रिलात तुमच्या घरी येऊन बेगिमायच्या कानात मी माझ्या हातानं कानातली घातली, सोयरीक पक्की केली. पण त्यानंतर तुम्ही जे चालवलंय ते बघून तो शब्द लेखणीतून उतरत नाही.

तुमचा नंबर मी फोनमध्ये बंद करून टाकलाय. फोनवर तुम्ही निम्मं रशियनमध्ये बोलता आणि मला वाक्य पुरं करू देत नाही. पत्रात ती सोय नसते. बिश्केकच्या गाडीचा ड्रायव्हर हे तुमच्या दवाखान्यात आणून देईल. उत्तर द्यायचं असेल तर त्याच्याच हाती द्या.

काल कुबातचा फोन आला. म्हणाला, आई, दातांना तारा बसवल्यात, आणि जूनअखेर व्हेनेराताई हिरडी सोडवून जबड्याच्या हाडावर चरे पाडणार आहेत, म्हणजे दात लवकर सरकतील. घोड्याला नाल ठोकून घ्यायची आहे अशा आवाजात सांगत होता.

सोयरिकीच्या जेवणात तुमची बहीण काय बोलली ते मी विसरलेले नाही. 'जावई चांगला आहे, फक्त हसताना तोंडावर हात धरायला शिकवा.' सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी नेमकी समोर बसले होते. त्याच दिवशी तुम्ही मनात ठरवलंत की या पोराला तुमच्या शहरी पाहुण्यांसमोर उभं करण्याआधी तासून घ्यायचं.

माझा मुलगा तेमिर-कोमुझ वाजवतो. ते लोखंड पुढच्या दातांना टेकवतात, मधलं पातं बोटानं छेडतात, आणि बाकीचं काम तोंडाची पोकळी करते. त्याच्या बापानं ते त्याच्या हातात दिलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. ज्या दातांना तुम्ही हसलात त्यांच्यावरच त्याचा सूर बसलाय. वाद्यवृंदात त्याला घेतलं ते त्याचं हसू बघून घेतलेलं नाही.

हे थांबवा. नुसतं सरळ हसणारा जावई हवा असेल तर बिश्केकात गल्लोगल्ली मिळतील.

झूराकान

बिश्केक, २० मे

झूराकान मामितोव्ना,

माझी बहीण जे बोलली ते वाईट होतं. मी हसले हेही खरं. या उपचाराशी त्याचा संबंध नाही.

कुबातचा वरचा एक पुढचा दात खालच्या दाताच्या आत बसतो. तो तोंड मिटतो, घास चावतो, झोपेत दात आवळतो, आणि दर वेळी वरचा दात खालच्याला बाहेर रेटतो. त्या खालच्या दाताची हिरडी उतरलीय. मूळ उघडं पडायला लागलंय. हे असंच राहिलं तर काही वर्षांत तो दात जाईल. मग तुम्ही सूर कशावर बसवणार आहात?

साध्या तारांनी सरळ करायचं तर दोन वर्षं. तारा असताना दाताला लोखंड टेकवता येत नाही. वाद्यवृंद त्याची जागा नवीन वर्षापर्यंत राखून ठेवेल, दोन वर्षं कुणी ठेवत नाही. म्हणून हाडावर चरे. हाडाचा वरचा थर कठीण असतो. मुळांच्या मधोमध त्यावर बारीक खाचा पाडल्या की शरीर ती इजा भरून काढायला धावतं, आणि तसं करताना तिथलं हाड काही महिने मऊ पडतं. तेवढ्या अवधीत दात भराभर सरकवून घ्यायचे. नंतर हाड पुन्हा घट्ट होतं. मी जबडा तोडत नाही. तारांचं काम आमच्याच दवाखान्यातला सहकारी बघतो, हाडाचं मी.

हे कुबातनं स्वतः येऊन मागितलं. तुम्हाला सांगायचं धाडस त्याला तारा बसल्यावरच झालं, यावरून तुमच्या घरातल्या मोकळेपणाची कल्पना येते.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडून हवी आहे. तो सिगारेट ओढतो का? दारू किती? ओठाखाली नसवाय धरतो का? तो सगळ्याला नाही म्हणतो. होणाऱ्या सासूसमोर कोणता मुलगा हो म्हणेल? शिवलेल्या हिरडीवर ती हिरवी तंबाखू बसली तर टाके धरत नाहीत. तुम्ही आई आहात, तुम्हाला माहीत असणार. एकदा अभिमान बाजूला ठेवून खरं लिहा.

व्हेनेरा

आत-बाशी, २९ मे

व्हेनेरा अस्कारोव्ना यांस,

तुमचं पत्र सोबत परत पाठवतेय. चुका लाल शाईनं दुरुस्त केल्यात. आयुष्यभर पोरांना किर्गिझ शिकवलं, शाळा चालवली, निवृत्त झाले तरी हात थांबत नाही. 'हिरडी' हा शब्द तुम्ही तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलाय. जो शब्द धड लिहिता येत नाही तीच वस्तू तुम्ही कापायला निघालात, याची मला गंमत वाटली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कुबात सिगारेट ओढत नाही. लग्नकार्यात पेला हातात धरतो आणि तसाच खाली ठेवतो. नसवाय आमच्या घरात कुणी धरत नाही. त्याच्या बापानं धरली नाही, त्यानंही नाही. सोयरीक झाल्यावर असले प्रश्न विचारायचे नसतात. ते आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना गुपचूप विचारायचे असतात, एवढीही रीत तुमच्याकडे उरलेली दिसत नाही.

बाकी तो अठ्ठावीस वर्षांचा आहे. मी नाही म्हटलं तरी करणार. माझं न ऐकता तो पहिल्यांदाच काहीतरी करतोय, आणि हे तुमच्या घरी त्याचं येणंजाणं सुरू झाल्यावर घडतंय, याचीही नोंद मी घेतलीय.

करा. पण सूर गेला तर बेगिमायला माझ्या उंबऱ्यावर आणू नका.

झूराकान

बिश्केक, २ जुलै

झूराकान मामितोव्ना,

शस्त्रक्रिया गेल्या आठवड्यात झाली. व्यवस्थित झाली. खालच्या आणि वरच्या पुढच्या दातांची हिरडी उघडली, खाचा पाडल्या, जिथं हाड पातळ होतं तिथं हाडाची भुकटी भरली, हिरडी परत शिवली. त्याला दुखलं नाही. तो सबंध वेळ जागा होता आणि पायाच्या बोटानं ठेका धरत होता.

त्याला काही दिवस तुमच्याकडं कुरणावर यायचंय. पाठवतेय, पण सूचना नीट वाचा. सूप, मऊ शिजवलेलं, बारीक केलेलं मांस. घोड्याच्या मांसाचं सॉसेज नाही. कुरुत तर अजिबात नाही. वाळवलेल्या दह्याचे ते दगड त्याला लहानपणापासून आवडतात, हे बेगिमायनं सांगितलं. ठणका लागला तर मी दिलेल्या गोळ्याच द्यायच्या. घराघरांत असतात त्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या द्यायच्या नाहीत. हाड मऊ पडतं ते त्या सुजेमुळंच. सूज मारली की दात जागच्या जागी थांबतात. दर पंधरा दिवसांनी त्याला तार घट्ट करायला इथं यावं लागेल.

लाल शाईबद्दल आभार. मी रशियन शाळेत शिकले हा माझा दोष नाही.

व्हेनेरा

जैलूच्या कुरणावरून, २५ जुलै

डॉक्टरीणबाई,

तुमचा रुग्ण पोहोचला तेव्हा त्याचं तोंड भट्टीतल्या पावासारखं फुगलेलं होतं. माझ्या थोरल्या दिरानं त्याला ओळखलंच नाही, कोण पाहुणा म्हणून विचारलं. पहिले काही दिवस तो पेल्यानं सूप प्यायला, मग चमच्यानं. रात्री तंबूत कण्हायचा. तुमच्या गोळ्यांनी त्याचं काही भागेना, तेव्हा मी माझ्या पेटीतल्या दिल्या. सूज उतरवणाऱ्याच. सांगून टाकते, कारण लपवायची मला सवय नाही. माझ्या डोळ्यांसमोर माझं पोर तळमळत असताना दूर बिश्केकमध्ये बसून कुणीतरी सूज हवी म्हणतं, हे मी ऐकणार नव्हते.

बेगिमाय बरोबर आली होती. मांस दगडावर बारीक करून त्याला भरवत होती. मी तिला विचारलं, या तोंडाकडं बघून तुला कसंतरी होत नाही का? म्हणाली, 'सवय आहे, अपा. तो बोलत नाही तेव्हा त्याच्या तोंडाकडंच बघत बसावं लागतं.' उद्धट म्हणावी की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

कुबात पूर्वीपेक्षाही कमी बोलतो. जेवण झालं की घोड्यांकडं जातो म्हणून उठतो आणि बराच वेळ येत नाही. वाजवता येत नाही तर माणूस काय करणार? लोखंड खिशात असतं, हात खिशात असतो.

दात सरकलेत, एवढं खरं. वरचा तो दात आता खालच्याच्या बरोबरीला आलाय. एवढ्यात इतका सरकेल असं मला वाटलं नव्हतं. हे कौतुक समजू नका. हाड मऊ केलंत तर खुंटसुद्धा सरकेल.

झूराकान

बिश्केक, १८ ऑगस्ट

झूराकान मामितोव्ना,

तुमच्या पेटीतल्या गोळ्यांनी तीन आठवडे वाया घालवले. माझा सहकारी तार घट्ट करतो आणि दात हलत नाहीत. हाड कायम मऊ राहत नाही. ही मुदत आहे, संपली की संपली. सूचना मी किर्गिझमध्ये लिहिल्या होत्या, आणि तुम्हाला वाचता येतं असा माझा समज होता.

त्याहून वाईट पुढं आहे. खालच्या त्या दातासमोरची हिरडी फाटलीय. टाके सुटलेत, भरलेली भुकटी निघून गेलीय आणि मूळ निम्म्यापर्यंत उघडं पडलंय. शस्त्रक्रियेआधी होतं त्यापेक्षा जास्त. तुम्ही त्याला कुरुत दिलंत का? घोड्यावर बसवलंत का? दिराच्या पोरांबरोबर कुस्ती खेळला का? तो नुसता मान हलवतो. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली होती. कुरणावर जे काही झालं ते तुमच्या देखरेखीखाली झालं.

कारण मला समजत नाही. तुम्हाला माहीत असेल तर लिहा.

व्हेनेरा

आत-बाशी, ३० ऑगस्ट

डॉक्टरीणबाई,

सप्टेंबरातलं लग्न होणार नाही. तंबूवाल्याला नको म्हणून सांगितलं. मेजवानीसाठी बांधलेली घोडी परत कळपात सोडली.

आता कारण ऐका.

तुमचं पत्र आल्यावर मी कुबातला बोलावून घेतलं आणि नारिनच्या एका दंतवैद्याकडं नेलं. तरुण मुलगा आहे, माझ्या शाळेतला नाही, म्हणून मला घाबरत नाही. त्यानं बोटानं कुबातचा खालचा ओठ बाहेर उलटला आणि विचारलं, किती वर्षं नसवाय धरतोस? कुबात माझ्याकडं बघायला लागला. त्या मुलानं मला जवळ बोलावून दाखवलं. ओठाच्या आतली कातडी पांढरी पडलेली, चुरगळलेली, फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटासारखी. आणि तिच्या अगदी समोर फाटलेली हिरडी. त्याला हे कळायला ओठ उलटण्याइतकाच वेळ लागला.

परतीच्या गाडीत मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. तुम्ही त्याच ओठाला बाजूला धरून, डोक्यावर दिवा लावून, तिथंच हिरडी उघडलीत आणि तिथंच शिवलीत. तुम्हाला दिसलं नाही?

मला माहीत होतं का? होतं. कॉलेजात असताना त्याच्या खोगिराखाली पुडी सापडली, तेव्हापासून माहीत आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही लिहिलं, कारण मला वाटलं मुलीची आई चौकशी करतेय. नसवायवाल्याला शहरात मुलगी देत नाहीत, आणि माझ्या पोरानं आयुष्यात एकच मुलगी मागितली होती. मी खोटं लिहिलं. त्याची हिरडी त्यामुळं गेली असेल तर तो भार माझा, तुम्ही सांगायची गरज नाही.

पण माझ्या हातात सुरी नव्हती. तुमच्या हातात होती आणि समोर ओठ होता. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असं मला सांगू नका. आजवर तुम्ही माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवलेला नाही. मग नेमका याच शब्दावर कसा ठेवलात?

आणि वर मला कुरुत विचारता.

झूराकान

बिश्केक, ९ सप्टेंबर

झूराकान मामितोव्ना,

दिसलं होतं.

ओठ मागं ओढला त्याच क्षणी दिसलं. हाताखालच्या परिचारिकेलाही दिसलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मी तिला नजरेनं गप्प केलं. तिथंच थांबायला हवं होतं. ओठ सोडायचा, त्याला उठवून बसवायचं, ही सवय सोड आणि मग ये म्हणायचं. थांबले असते तर वाद्यवृंदाची मुदत हुकली असती, लग्न पुढं गेलं असतं, बेगिमायला कारण सांगावं लागलं असतं. शिवाय ऑक्टोबरात डॉक्टरांच्या सभेत मी त्याची छायाचित्रं दाखवणार होते, आधीची आणि नंतरची. एवढ्या थोड्या महिन्यांत एवढं काम आमच्याकडं कुणी केलेलं नाही.

तुमचं 'नाही' लिहिलेलं पत्र माझ्या खणात होतं. उद्या काही बिनसलं तर ते दाखवता येईल, हा विचार सुरी हातात असताना माझ्या मनात येऊन गेला. हे मी दुसऱ्या कुणाला लिहिणार नाही. तुम्हाला लिहितेय, कारण तुमच्या मनातून मी आणखी उतरू शकत नाही.

मी माफी मागत नाहीये. तुम्ही खरं लिहिलं असतंत तर मला थांबावंच लागलं असतं. आपण दोघींनी मिळून हे केलंय.

कुबातनं परवा बेगिमायला सगळं सांगितलं. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. ती त्याला म्हणाली, 'तू का खोटं बोललास ते मला कळतं.' मग माझ्याकडं वळली. 'पण आई, तुला तर दिसत होतं.' एवढंच. संध्याकाळी बॅग भरून मैत्रिणीकडं राहायला गेली. लग्नाची तारीख आता ती स्वतः सांगेल, सांगितली तर. आपण दोघींनी त्यात पडायचं नाही, असा निरोप आहे. तुमची घोडी तुम्ही उगीच घाईनं सोडलीत, मोडायला लग्न आपल्या हातात नव्हतंच.

आता कामाचं. तो दात वाचवायचा तर टाळूच्या कातडीचा पापुद्रा काढून उघड्या मुळावर शिवावा लागेल, आणि लवकर, कारण दात अजून सरकताहेत. अल्माटीचा एक शल्यविशारद यात माझ्यापेक्षा निष्णात आहे. मी त्याच्याशी बोललेय. मी कुबातला पुन्हा हात लावू नये, असं मला वाटतं. आपल्या माणसावर काम करताना डोळ्यांना हवं तेच दिसतं.

व्हेनेरा

आत-बाशी, १७ सप्टेंबर

व्हेनेरा अस्कारोव्ना यांस,

कुबात इथं आलाय. काल संध्याकाळी मी त्याला नसवायवरून बोलायला बसवलं. शाळेत पोरांना बसवायची तसं, समोर. मी पुष्कळ बोलले. बापाचं नाव काढलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, 'वाजवायला उठायच्या आधी माझे हात थरथरतात, आई. लोखंड दाताला लावताना थरथरलं तर दात मोडेल असं वाटतं. ओठाखाली ती असली की हात थांबतात.'

मी विचारलं, कधीपासून?

'पहिल्या स्पर्धेपासून. तू पुढच्या रांगेत बसली होतीस.'

त्या स्पर्धेत तो दुसरा आला होता. परतताना सबंध रस्ताभर मी त्याला पहिला का आला नाही ते समजावून सांगत होते, हे मला आठवतं. तो तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा असेल. नंतर मी उठून चहा ठेवला.

हे तुम्हाला का लिहितेय ते ठाऊक नाही. बहुधा तुम्ही लिहिलंत म्हणून. फिट्टंफाट.

अल्माटीचं. मी रात्रभर विचार केला. त्या माणसाला कुबात कोण? सकाळचा एक रुग्ण. तो निष्णात असेल, पण हात चुकला तर त्याला रात्री झोप येईल. तुम्ही पुन्हा चुकायला घाबराल. मला ते घाबरणं हवंय. तुमच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, बदलेल असं वाटतही नाही. पण त्याच्या तोंडात दुसऱ्या कुणाचा हात मला चालणार नाही.

माझ्या अटी. मी त्या खोलीत बसणार. जे दिसेल ते तुम्ही मोठ्यानं सांगायचं, किर्गिझमध्ये, वाईट असलं तरी. व्याकरण चुकलं तर चालेल.

आणि मी थंडी संपेपर्यंत बिश्केकात राहणार आहे. तुमच्या दवाखान्यामागच्या रस्त्यावर खोली बघितलीय. कुबात माझ्याबरोबर राहील. त्याच्या ओठाखाली आता काय जातं ते मी बघते. हिरडीखाली काय चाललंय ते तुम्ही बघा.

झूराकान

बिश्केक, ११ मार्च

झूराकान मामितोव्ना,

तुम्ही सबंध हिवाळा माझ्या दवाखान्याच्या बाकावर स्वेटर विणत काढलात आणि मला घालूनपाडून बोलायचं असेल तेवढंच तोंड उघडलंत. मेंढ्यांच्या वेतासाठी तुम्ही परत गेल्यापासून रिसेप्शनवरची मुलगी तुमची आठवण काढते. मी काढत नाही. पण तारा आज काढल्या, आणि हे तुम्हाला कुबातच्या आधी माझ्याकडून कळावं असं वाटलं.

वरचा दात जागेवर आहे. वर-खाली नीट मिटतात. टाळूवरून मी तुमच्यासमोर लावलेला पापुद्रा धरलाय, सगळा नाही, दोन तृतीयांश. तेवढा भाग बाकीच्या हिरडीपेक्षा फिका दिसतो आणि तसाच दिसेल. मुळाचा थोडा भाग उघडाच राहणार. दात किंचित हलतो. म्हातारपणापर्यंत टिकेल असं मी म्हणणार नाही. जपला तर बरीच वर्षं टिकेल. हे सगळं मी त्याला आरशासमोर बसवून सांगितलं, तुमच्या अटीप्रमाणं मोठ्यानं.

ओठ उलटून बघितला. कातडी पुष्कळ निवळलीय. त्यानं मधे दोनदा नसवाय धरली होती, हे त्यानं स्वतः सांगितलं, मी विचारायच्या आधी. तुम्हाला सांगू नका म्हणाला नाही, म्हणून सांगतेय.

वाद्यवृंदानं नवीन वर्षाला त्याची जागा दुसऱ्याला दिली, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे ज्यासाठी घाई केली ते गेलं. आता शरदात पुन्हा परीक्षा घेणार आहेत. तो बसेन म्हणतोय.

तारा निघाल्यावर त्यानं खिशातून लोखंड काढलं आणि माझ्या खुर्चीत बसूनच दाताला लावलं. छेडलं नाही. नुसतं टेकवून बराच वेळ बसला. मग पुसून परत ठेवलं. पहिल्यांदा घरी वाजवीन म्हणाला. नूरुझच्या सणाला येतोय. बेगिमायही येतेय. मला विचारलं नाही, गाडीत जागा सांगितल्याचं कळवलं.

ऑक्टोबरच्या सभेत मी छायाचित्रं दाखवली. उघड्या पडलेल्या मुळाचीही. कुणी प्रश्न विचारले नाहीत, चहाच्या वेळी माझ्याशी कुणी फार बोललंही नाही.

व्हेनेरा

आत-बाशी, २५ मार्च

कुदागाय,

दोघं काल परत निघाली. तुमच्यासाठी अर्धी मेंढी पाठवलीय. दरवाजातच ठेवू नका, लगेच थंडीत टांगा. तुम्ही शहरातली माणसं मांस कसं ठेवता ते मी हिवाळाभर बघितलंय.

लग्नाचं त्यांनी ठरवलंय. परीक्षेनंतर, निकाल काहीही लागला तरी. मलाही विचारलं नाही, कळवलं. पाहुणे थोडे, तंबू नाही, भाषणं नाहीत. माझी तीस वर्षांची भाषणाची तयारी वाया गेली म्हटलं, तर तुमची मुलगी म्हणाली, 'तुम्ही मला एकटीला म्हणून दाखवा, अपा, मी ऐकेन.' आता मला ठरवता आलंय. उद्धट आहे. घरात असू दे एखादी.

आणि त्यानं वाजवलं. नूरुझच्या संध्याकाळी, दस्तरखानावरचं जेवण उठल्यावर. घरातलीच माणसं होती, थोरले दीर, त्यांची सून, आम्ही तिघं. हात थरथरत होते, मी बघितलं. लोखंड दाताला लागून दोनदा खट्ट वाजलं आणि तो थांबला. कुणी काही बोललं नाही. मीही नाही, त्याची किंमत मला विचारा. मग त्यानं पुन्हा टेकवलं आणि वाजवायला लागला, आणि बराच वेळ वाजवत राहिला.

तुम्ही निकाल विचाराल. मला सांगता येणार नाही. तो वाजवत होता तितका वेळ मी त्या खालच्या दाताकडं बघत होते. एकदाही हलला नाही. सूर कसा होता ते बेगिमायला विचारा. ती डोळे मिटून ऐकत होती.

झूराकान